कबूल म्हणण्याआधी

लोकल चुकू नये म्हणून रूळ ओलांडला आणि पलीकडे आरपीएफचा जवान उभा. मुंबईत हे रोज घडतं. मग त्या माणसाला रेल्वे दंडाधिकाऱ्यापुढे नेतात. पुकारा होतो, नाव विचारलं जातं आणि लगेच प्रश्न येतो: गुन्हा कबूल आहे का? रांगेतले बहुतेक जण 'हो साहेब' म्हणतात. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमात या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे, पण सहसा दंडावरच निभावतं. पैसे भरायचे, पावती घ्यायची, पुढची गाडी पकडायची.

'नाही' म्हणणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. पुढची तारीख, जामीनदार, वकिलाची फी आणि प्रत्येक तारखेला कामावर एक खाडा. रोजंदारीच्या माणसाला निर्दोष ठरणं दोषी ठरण्यापेक्षा महाग पडतं. म्हणून तो कबूल म्हणतो. त्याने खरंच गुन्हा केला होता की नाही, हा प्रश्न तिथे कुणाला पडतच नाही.

न्यायालयाचा दंड आणि न्यायालयाने दिलेला वकील हे दोन विषय आपल्याकडे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असतात. दंड किरकोळ खटल्यांचा, मोफत वकील खुनाच्या किंवा दरोड्याच्या आरोपीचा, अशी समजूत. मला वाटतं, ते एकत्र पाहिल्याशिवाय दोन्हींतलं काहीच नीट कळत नाही. कारण वकिलाची खरी गरज कबूल म्हणण्याच्या आधीच्या एका मिनिटात असते, आणि नेमकं त्याच मिनिटात तो तिथे नसतो.

आधी दंडाचं पाहू. हा शब्द आपण फार सैल वापरतो. टीसीने घेतलेले जादा पैसे दंड, वाहतूक पोलिसाने मोबाइलवर पाठवलेलं ई-चलन दंड, वीजबिलाच्या थकबाकीवरचा आकारही दंडच. कायद्याच्या नजरेत ही सगळी वेगळी कुळं आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०० व्या कलमाखाली भरलेलं चलन ही तडजोड असते. पैसे दिले की प्रकरण तिथेच मिटतं, न्यायालयात जात नाही. न्यायाधीशापुढे कबुली देऊन भरलेला दंड मात्र शिक्षा असते. शिक्षा झाली म्हणजे माणूस दोषी ठरला, मग रक्कम शंभर रुपये असो की लाख. सरकारी नोकरीच्या अर्जात 'आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय' असा रकाना येतो, तेव्हा पाच मिनिटांत उरकलेली ती दुपार परत समोर उभी राहते. कबुली देताना हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

वाहतुकीच्या प्रकरणांत ही कबुली आता पडद्यावर द्यायची असते. नागपूर जिल्ह्यात काटोलला ऑक्टोबर २०२० मध्ये आभासी न्यायालय सुरू झालं. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. अशा न्यायालयात माणसाला जावंच लागत नाही. प्रकरण ऑनलाइन पाहायचं आणि दोनपैकी एक निवडायचं: कबूल करून पैसे भरायचे, किंवा लढायचं म्हणून सांगायचं. लढायचं म्हटलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. सोय उत्तम आहे यात वाद नाही. पण 'भरा' या बटणाचा कायदेशीर अर्थ 'मी दोषी आहे' असा होतो, हे किती जणांच्या ध्यानात येतं?

आता दंड भरलाच नाही तर? निकालपत्रातलं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: 'दंड न भरल्यास आणखी एक महिना साधी कैद.' या 'न भरल्यास'मध्ये बरंच दडलेलं आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या आठव्या कलमात दंडाचे सगळे नियम एकत्र आणले आहेत. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही सांगितले आहेत, तिथे दंडाबदलची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून जास्त देता येत नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, तिथे दंड पाच हजारांपर्यंत असेल तर दोन महिने, दहा हजारांपर्यंत असेल तर चार महिने आणि त्यापुढे एक वर्ष, अशी मर्यादा आहे. जुन्या संहितेत हेच टप्पे पन्नास आणि शंभर रुपयांचे होते. १८६० सालचे ते आकडे दीडशेहून जास्त वर्षं तसेच राहिले होते.

दंडाबदल कैदेत गेलेल्याने मध्येच पैसे भरले तर तो सुटतो, आणि काही भाग भरला तर त्या प्रमाणात कैद कमी होते. हजार रुपये दंड आणि त्याबदल चार महिने कैद असेल, आणि पहिल्या महिन्याच्या आत साडेसातशे भरले, तर महिना संपताच दार उघडतं. उरलेल्या पंचवीस टक्के दंडाला पंचवीस टक्के कैद. कैद्याच्या घरच्यांना हे त्रैराशिक कुणी सांगितलं, तर पूर्ण रक्कम जमवण्याच्या नादात ते महिने घालवणार नाहीत.

यातली सगळ्यात कडू गोष्ट वजावटीची आहे. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही वजावट मूळ कैदेला मिळते. दंडाबदलच्या कैदेला ती मिळत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. समजा, एक माणूस दोन वर्षं कच्चा कैदी होता. निकाल लागला: दोन वर्षं कैद, पाच हजार रुपये दंड, न भरल्यास तीन महिने. त्याची दोन वर्षं भरलेली आहेत. पाच हजार असतील तर तो संध्याकाळी घरी पोचतो. नसतील तर आणखी तीन महिने आत. गुन्हा तोच, शिक्षा तीच, फरक फक्त खिशाचा.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली शांतीलाल खटल्यात या कैदेचं नेमकं स्वरूप सांगितलं. ही मूळ गुन्ह्याची शिक्षा नव्हे; पैसे न भरल्याबद्दलचा तो परिणाम आहे, आणि तो ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती पाहिली पाहिजे. अमली पदार्थांच्या त्या खटल्यात एक लाख दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षं सहा महिन्यांवर आणली गेली. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या एका मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) प्रकरणात तोच प्रश्न मोठ्या आकड्यांत आला. मोक्कात किमान दंडच लाखांत आहे. वेगवेगळ्या कलमांखालचे दंड न भरल्याबद्दलच्या कैदा एकदम भोगता येत नाहीत, एकामागून एकच भोगाव्या लागतात, असं न्यायालयाने ठरवलं. मात्र तो माणूस एवढे पैसे भरूच शकत नाही हे पाहून ती मुदत खाली आणली.

कैद भोगली की दंड फिटला, असंही समजू नये. न्यायालय जंगम मालमत्तेवर जप्ती आणू शकतं, किंवा जिल्हाधिकाऱ्याला जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला सांगू शकतं. दंडाबदलची पूर्ण कैद भोगून झाली असेल तर मात्र विशेष कारणं नोंदवल्याशिवाय असं वॉरंट काढता येत नाही. वसुलीची मुदत साधारणपणे सहा वर्षं. आणि माणूस मेला तरी जी मालमत्ता त्याच्या कर्जाला जबाबदार राहिली असती, ती दंडालाही जबाबदार राहते. म्हणून नाझराकडे, म्हणजे न्यायालयाच्या रोख विभागात, पैसे भरल्यावर मिळालेली पावती रेशनकार्डाइतकी जपावी. पैसे भरूनही नोंद न झाल्यामुळे वॉरंट आलेला माणूस मी पाहिला आहे. पावती सापडली म्हणून एका दिवसात सुटला.

हप्त्यांची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. फक्त दंडाची शिक्षा झाली आणि पैसे लगेच नसतील, तर न्यायालय तीस दिवसांची सवलत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकतं. त्यासाठी बंधपत्र लिहून द्यावं लागतं. न्यायाधीशाने आपणहून विचारायला हवं, असं माझं मत. पण आरोपीने तोंड उघडलं नाही तर सुनावणी पुढच्या नावाकडे सरकते.

तुरुंगात केवळ दंडाच्या पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना साहाय्याची योजना आणली. तेव्हाच्या नियमांप्रमाणे शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत आणि कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक आणि तुरुंग अधीक्षक यांचा समावेश असलेली समिती ती मंजूर करते. अमली पदार्थ, यूएपीए अशा काही कायद्यांखालचे कैदी तिच्याबाहेर आहेत. म्हणजे जिथे किमान दंड लाखाच्या घरात आहे, तिथेच योजना हात आखडते.

दंड माणसाच्या कमाईवर बेतावा ही कल्पना काही आपली नाही. फिनलंडमध्ये १९२१ पासून आणि स्वीडनमध्ये १९३१ पासून 'दिवसांचा दंड' आहे: गुन्ह्याप्रमाणे दिवस ठरतात आणि त्या माणसाच्या रोजच्या उत्पन्नाप्रमाणे रक्कम. आपल्याकडे नव्या संहितेने त्याऐवजी समाजसेवेची शिक्षा आणली. पाच हजारांखालची पहिली चोरी (वस्तू किंवा तिचं मोल परत केलं तर), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, बदनामी अशा मोजक्याच गुन्ह्यांना ती आहे. तिची घडी अजून बसायची आहे.

आता वकील. आणि इथे भाषेनेच घोळ घातला आहे. 'पैसे नसतील तर कोर्ट सरकारी वकील देतं' हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. सरकारी वकील म्हणजे सरकारच्या बाजूने आरोपीविरुद्ध खटला चालवणारा. त्याच्याकडे जाऊन आरोपीची बायको 'साहेब, आमचं काय ते बघा' म्हणते आणि तो तिला दाराकडे बोट दाखवतो, असं दृश्य सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात कधीही दिसेल. आरोपीला मिळणारा मोफत वकील वेगळा. तो विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला असतो, किंवा न्यायालयाने नेमलेला न्यायमित्र असतो. फी सरकारच्या तिजोरीतून जाते, पण निष्ठा आरोपीशी. मोफत वकील सरकारचाच माणूस, तो आतून मिळालेला असणार, या संशयाचं मूळ बरंचसं या एका शब्दात आहे.

मोफत वकिलाच्या हक्काचा इतिहास मुंबईशी जवळून जोडलेला आहे. १९४९ साली मुंबई प्रांताने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेशीर मदतीवर समिती नेमली होती. त्यांचे चिरंजीव पी. एन. भगवती पुढे सरन्यायाधीश झाले आणि न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासोबत मोफत कायदेशीर मदतीच्या चळवळीचा चेहरा ठरले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आला: मोफत कायदेशीर मदत देणं हे राज्याचं काम. पण त्याला धार आली ती १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने.

ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. होस्कोट सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होते. कर्नाटक विद्यापीठाचा बनावट शिक्का बनवून घेण्यासाठी ते मुंबईतल्या एका ठसे करणाऱ्याकडे गेले आणि पकडले गेले. सत्र न्यायालयाने त्यांना 'कोर्ट उठेपर्यंत' साधी कैद आणि दंड दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा तीन वर्षांवर नेली. त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयात चार वर्षांहून अधिक उशिरा आलं. आरोपी म्हणाला, मला निकालाची प्रतच मिळाली नाही. येरवडा तुरुंगाचे अधीक्षक म्हणाले, दिली होती. न्यायालयाने अपील फेटाळलं. होस्कोटना काहीच मिळालं नाही. पण जाता जाता कृष्ण अय्यर यांनी नियम घालून दिला: कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य, वेळेत मिळाली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर अपिलासाठी तो राज्याने दिला पाहिजे. हरलेल्या माणसाच्या खटल्यातून लाखोंना हक्क मिळाला.

पुढची काही वर्षं निकालांच्या ओळीची. १९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांचा हुसैनारा खातून खटला. १९८१ मध्ये भागलपूरच्या खटल्यात ठरलं की पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतानाच मोफत वकिलाचा हक्क सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या महिला कैद्यांच्या मुलाखतींवरून लिहिलेल्या पत्रातून महाराष्ट्रासाठी आदेश निघाले. १९८६ मध्ये अरुणाचलच्या सुक दास खटल्यात आरोपीला हा हक्क कुणी सांगितलाच नव्हता म्हणून शिक्षाच रद्द झाली. मागितला नाही म्हणून दिला नाही, ही सबब तेव्हापासून चालत नाही.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. मार्च २००९ मध्ये विशेष न्यायालयाने जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याच्यासाठी अ‍ॅड. अंजली वाघमारे यांना नेमल्यावर त्यांच्या घरावर दगडफेक झाली. 'अशा माणसाला वकील कशाला?' हा प्रश्न तेव्हा चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत विचारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना त्याच निकालात उत्तर दिलं: वकिलाचा हक्क पहिल्या हजेरीपासून असतो, आणि तो न सांगणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते. ज्याच्यावर सगळा देश चिडला होता त्याच्या निकालपत्रातून हा नियम पक्का झाला, याचं मला अजूनही समाधान वाटतं.

कागदावर पात्रतेची यादी उदार आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे सर्व स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतली प्रत्येक व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे, सर्वोच्च न्यायालयासाठी पाच लाखांची. बंगल्यात राहणारी बाईसुद्धा पात्र आहे, आणि याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की बंगला बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो.

खरा प्रश्न दर्जाचा. सत्र न्यायालयात आरोपीला वकील नसेल तर राज्याच्या खर्चाने द्यावाच लागतो. पण कोणता आणि केव्हा? मध्य प्रदेशात खांडव्याच्या एका खटल्यात २०१३ साली ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि सुमारे तेरा दिवसांत फाशीची शिक्षा झाली. २०१९ मध्ये न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने ती रद्द केली आणि सांगितलं: फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या खटल्यात न्यायमित्राला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला निदान सात दिवस. त्या माणसाला पुन्हा फाशी सुनावली गेली, ती पुन्हा रद्द झाली, आणि २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात महत्त्वाच्या टप्प्यावर आरोपीला वकीलच नव्हता म्हणून शिक्षा रद्द केली. म्हणजे होस्कोटनंतर शेहेचाळीस वर्षांनीही हेच सांगावं लागत होतं.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरचे वकील स्वतःची वकिली सांभाळून ही प्रकरणं घेत. मानधन तुटपुंजं, म्हणून प्रकरण सगळ्यात खाली. मी नेटाने लढलेले पॅनल वकीलही पाहिले आहेत आणि आरोपीला एकदाही न भेटता उलटतपास उरकणारेही. २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत आणली: मुख्य, उप आणि साहाय्यक वकील, खासगी वकिली बंद, फक्त फौजदारी प्रकरणं. सरकार पक्षाकडे पूर्णवेळ माणसं आहेत तशी आता आरोपीकडेही. गेल्या काही दशकांतली ही सगळ्यात समजूतदार सुधारणा आहे, असं मी म्हणेन. नेमणुका कंत्राटी आहेत, हा तिचा कच्चा दुवा.

दिलेला वकील लक्ष देत नसेल तर तो बदलून मागता येतो. प्राधिकरणाच्या सचिवांकडे साधा अर्ज पुरतो. त्याने चहापाण्याला म्हणून पैसे मागितले तर तीही तक्रार तिथेच करायची. कोर्ट फी, नकलांचा खर्च, टायपिंग हे सगळं मोफत मदतीत येतं.

एवढं सगळं असूनही रेल्वे न्यायालयातल्या त्या रांगेला यातलं काही पोचत नाही. राज्याच्या खर्चाने वकील देण्याची सक्ती जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात मुख्यतः सत्र खटल्यांना होती. दंडाधिकाऱ्यापुढे हक्क आहे, पण प्रकरण इतक्या लवकर संपतं की हक्क सांगायला वेळ राहत नाही. दरम्यान नव्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याची दंडाची मर्यादा दहा हजारांवरून पन्नास हजारांवर नेली. अधिकार पाचपट वाढला, तेव्हा कबुली नोंदवण्याआधी वकिलाशी बोलायला लावणारं एखादं वाक्यही त्याच कायद्यात घालायला हवं होतं. ते घातलं नाही. पूर्णवेळ बचाव वकिलांपैकी एक जण रोज दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात पुकाऱ्याच्या वेळी बसवला, तरी पुष्कळ काम होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तोवर आपल्यापैकी कुणावर ही वेळ आलीच, तर कबूल म्हणण्याआधी 'साहेब, मला विधी सेवेचा वकील हवा' एवढं म्हणावं. न्यायाधीशाला ते ऐकावंच लागतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. अर्जाला पैसे लागत नाहीत. फोनचा क्रमांक १५१००.